आज रात्री सिझर कुठे होईल, एवढं तरी खरं सांगा

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
आणि आदिवासी तालुके असलेल्या सर्व जिल्ह्यांचे जिल्हा शल्यचिकित्सक व जिल्हा आरोग्य अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी परिचारिका म्हणून बत्तीस वर्षं शासकीय सेवा करून निवृत्त झाले. त्यातली चोवीस वर्षं सातपुड्यात गेली, दोन वेगवेगळ्या जिल्ह्यांत. उपकेंद्र असो, पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र असो की ग्रामीण रुग्णालय, लेबर रूमच माझ्या वाट्याला आली आणि मीही कधी बदलून मागितली नाही. नोकरीत असताना हे पत्र लिहायचं धाडस झालं नाही. आता लिहिते आहे, कारण पावसाळा तोंडावर आला की मला एक रात्र आठवते आणि झोप लागत नाही.

त्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी आमच्या पीएचसीत एका बाईची पाणमोट फुटली. दुसरं बाळंतपण, दिवस भरलेले, बीपी चांगलं, रक्त १० च्या वर. तिच्या कार्डावर कुठेही लाल शेरा नव्हता. मी तपासायला हात घातला तर डोक्याच्या आधी नाळ हाताला लागली. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. नाळ अशी खाली घसरली की ती बाळाचं डोकं आणि आईचं हाड यांच्यामध्ये चेपते, आणि बाळाचा श्वास म्हणजे ती नाळच असते. पिशवीचं तोंड पुरतं उघडलेलं नसेल तर यावर उपाय एकच, सिझर, तेही लगेच. तोवर डोकं हातानं वर ढकलून धरायचं, म्हणजे नाळ मोकळी राहते. मी डोकं वर धरलं. आमच्या डॉक्टर साहेबांनी कॅथेटर टाकून मूत्राशयात सलाईन सोडलं, त्यानंही डोकं वर राहायला मदत होते. बाईला डाव्या कुशीवर घेतलं, कमरेखाली उशा दिल्या. १०८ ला फोन केला. गाडी ३५ मिनिटांत आली. आमच्या भागात ही चांगलीच वेळ आहे, त्या ड्रायव्हरदादांबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. बाई स्ट्रेचरवर आणि मी तिच्या बाजूला गुडघ्यांवर, हात आतच, अशी आमची वरात गाडीत चढली.

पहिलं मोठं रुग्णालय सव्वा तासावर. तिथली ओटी, म्हणजे शस्त्रक्रियेची खोली, नवी कोरी होती. आम्ही येतोय म्हटल्यावर शिपायानं दिवे लावून ठेवले होते. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम क्वार्टरमधून अनवाणी धावत आल्या. तपासून म्हणाल्या, "ठोके छान आहेत, बाळ चांगलं आहे." मग थांबल्या आणि म्हणाल्या, "पण सिस्टर, भूल कोण देणार? भूलतज्ज्ञ मंगळवारी आणि शुक्रवारी येतात."

तो शनिवार होता.

मॅडमनी तीन ठिकाणी फोन लावले. एक लागला नाही, दुसरा उचलला नाही, तिसऱ्यानं सांगितलं की जिल्ह्याला पाठवा. रेफरचा कागद तयार होईपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. मॅडम रडत होत्या. मी त्यांना दोष देत नाही, कुणीही देऊ नये. पुढचा रस्ता पावसानं खचलेला. माझ्या बोटांच्या मागच्या बाजूला नाळेचे ठोके लागत होते, मी ते मनात मोजत होते. २ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास ते मंद झाले, मग मध्येच एखादा, मग नाहीच. मी हात काढला नाही. काढला असता तर तिला कळलं असतं. उरलेला तासभर मी तशीच गुडघ्यांवर बसून होते आणि ती मला दर थोड्या वेळानं विचारत होती, "बाई, हाय ना?" मी "हो" म्हणत होते.

जिल्ह्याच्या ठिकाणी पोचलो तेव्हा सिझरची घाई कुणालाच उरली नव्हती. सकाळी सात वाजता ती आपली आपणच मोकळी झाली. मुलगा, तीन किलो. रजिस्टरमध्ये नोंद झाली, "नॉर्मल डिलिव्हरी, एफएसबी". म्हणजे ताजा मृतजन्म.

साहेब, ही नोंद मी बत्तीस वर्षांत किती वेळा पाहिली असेल. वेळेत सिझर न झाल्यामुळे बाळ गेलं, हे या नोंदीत कुठे दिसतं? ती नॉर्मल डिलिव्हरीत मोजली जाते. ज्या रुग्णालयात सिझर व्हायला हवं होतं तिथे तर तिची काहीच नोंद नाही, फक्त ओपीडीच्या वहीत "रेफर्ड" एवढा एक शब्द. महिन्याच्या अहवालात त्या रुग्णालयानं काही चुकवलं असं दिसत नाही आणि आईही वाचलेली असते, त्यामुळे मातामृत्यूच्या चौकशीतही हे येत नाही. असं मूल कुठल्याच रकान्यात न बसता जातं.

आणि आणखी एक गोष्ट, जी मला चार दिवसांनी कळली. त्याच रात्री, उलट्या दिशेला, आमच्यापासून थोड्या जास्त अंतरावर, एका दुसऱ्या सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञ हजर होते. रात्रभर होते. आम्हाला माहीत नव्हतं. १०८ च्या कंट्रोल रूमला माहीत नव्हतं. गाडी "जवळच्या संदर्भ रुग्णालयात" गेली, कारण नियम तसाच आहे.

आपल्या यादीत जी रुग्णालयं एफआरयू, म्हणजे प्रथम संदर्भ केंद्र, म्हणून आहेत, त्यांची अट काय आहे हे आपण जाणता. चोवीस तास सिझरची सोय, नवजात बाळाची काळजी आणि रक्त. तिन्ही, आणि चोवीस तास. यातलं एक जरी मंगळवार-शुक्रवार असेल तर उरलेले पाच दिवस ते एफआरयू नाही. बाळंतपण वार बघून येत नाही. पण दारावरचा बोर्ड सातही दिवस तोच असतो, आणि आम्ही त्या बोर्डाच्या भरवशावर बाई घेऊन निघतो. बोर्डच नसता तर बरं झालं असतं. मग आम्ही आधीच दुसरीकडे फोन केला असता.

वेळेचा हिशेब मी माझ्या मनानं सांगत नाही. अतितातडीचं सिझर ठरल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत ३० मिनिटं, हा जगभर धरलेला मापदंड आहे. प्रसूतीनंतर अंगावरून रक्त जायला लागलं आणि काहीच उपचार झाले नाहीत, तर आई सरासरी २ तासांत जाते. बाळंतपणाआधी रक्तस्राव झाला तर १२ तास. गर्भाशय फाटलं तर एक दिवस. झटके आले तर दोन दिवस. बाळ अडलं तर तीन दिवस. हे आकडे आम्हाला प्रशिक्षणात फळ्यावर लिहून दिले होते आणि मी ते माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर उतरवले. ते आईच्या जिवाचे आहेत. बाळाला इतका वेळ मिळत नाही. २०१५ साली शस्त्रक्रियांच्या प्रश्नावर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाचा जागतिक आयोग बसला, त्यानंही सिझर, पोट उघडण्याची शस्त्रक्रिया आणि उघड्या हाडमोडीचा उपचार करणारं रुग्णालय लोकांना दोन तासांच्या आत गाठता यावं, असं म्हटलं. दोन तास म्हणजे इमारतीपर्यंतचे नव्हेत, हे मी मुद्दाम लिहिते. ज्या दिवशी शस्त्रक्रिया होऊ शकते अशा इमारतीपर्यंतचे.

अक्कलकुवा, धडगावचे कितीतरी पाडे असे आहेत की बाईला आधी बांबूच्या झोळीत घालून चार माणसं खाली रस्त्यापर्यंत आणतात, नर्मदेकाठच्यांना तर आधी होडी. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि तालुकाच तुटतो. मेळघाटातून अमरावती गाठायची म्हणजे सगळा घाट आणि जंगल. दोन तासांतला मोठा भाग तिथेच संपलेला असतो. त्या झोळीवाल्यांनी आपलं काम केलेलं असतं. आशाताईनं रात्री डोंगर उतरून फोनची रेंज शोधलेली असते. घरच्यांनी "दवाखान्यात नको" हा हट्ट सोडलेला असतो, आणि तो सोडायला लावण्यात आमची वीस-पंचवीस वर्षं गेली आहेत. एवढं सगळं करून ती बाई आपल्या दारात येते आणि आपण तिला एक कागद देतो. पुढच्या वेळी त्या पाड्यावरची दुसरी बाई येत नाही. ती का येत नाही याची कारणं आम्हाला मीटिंगमध्ये विचारली जातात.

राज्याचा आकडा चांगला आहे, हे मला मान्य आहे. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्राचा मातामृत्यूदर एक लाख जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. त्यामागे माझ्यासारख्या हजारो नर्सेसचे आणि आशांचे पाय झिजले आहेत, त्यामुळे या आकड्याचा मला अभिमान आहे. पण सरासरीत पुणे-मुंबईही येतं. सिझरचंही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशभरात खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरनं झाली, सरकारीत १४.३ टक्के. शहरात गरज नसताना पोट उघडलं जातं यावर वर्तमानपत्रं लिहितात, बरोबरच लिहितात. पण त्या ओरड्यात डोंगरातली बाई ऐकू येत नाही, जिला गरज आहे आणि मिळत नाही. एकदा तर एका आढावा बैठकीत "तुमच्याकडे सिझरचं प्रमाण फार कमी, छान" असं शाबासकीच्या सुरात म्हटलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

कमी म्हणजे छान कसं, हे साधं गणित मांडून पाहा. दोन लाख लोकवस्तीच्या तालुक्यात वर्षाला साधारण चार हजार बाळंतपणं धरा. कितीही काटेकोर राहिलं तरी शंभरात निदान पाच बायकांना सिझर लागतंच. म्हणजे वर्षाला दोनशे, दर दोन दिवसांना एकाहून जास्त. आता त्या तालुक्यातल्या रुग्णालयाचं ओटी रजिस्टर काढा. तिथे वर्षभरात नऊ सिझर असतील आणि नऊही मंगळवार-शुक्रवारची असतील, तर उरलेल्या एकशे एक्क्याण्णव बायका कुठे गेल्या? काही जिल्ह्याला गेल्या, काही गुजरातेत गेल्या, काहींनी कर्ज काढून खासगी गाठलं. काही बायका आणि काही बाळं कुठेच पोचली नाहीत. हा प्रश्न दर महिन्याला, दर तालुक्याला विचारला गेला पाहिजे. कमी सिझरबद्दल शाबासकी देण्याआधी.

भूलतज्ज्ञ मिळत नाहीत, असं मला सांगितलं जाईल. मला ठाऊक आहे. पण जे आपल्या हातात होतं त्याचं आपण काय केलं, तेही सांगते. एमबीबीएस डॉक्टरांना तातडीच्या बाळंतपणापुरती भूल शिकवण्याचा १८ आठवड्यांचा अभ्यासक्रम केंद्र सरकारनं काढला होता. सिझर करायला शिकवण्याचा १६ आठवड्यांचा वेगळा होता. मी ज्या ग्रामीण रुग्णालयात होते तिथे असा एक भूल शिकलेला डॉक्टर आला. तरुण मुलगा. पहिल्या वेळी पाठीत सुई देताना त्याचा हात थरथरत होता, तिसऱ्या वेळी नाही. एका पहाटे हात बाहेर आलेलं आडवं बाळ घेऊन एक बाई बैलगाडीतून आणि मग जीपमधून आली. त्यानं स्पायनल दिली, स्त्रीरोगतज्ज्ञांनी पोट उघडलं, मी बाळ घेतलं. बाई दारातून आत आल्यापासून मुलगी रडेपर्यंत ४५ मिनिटं. ती मुलगी आता कॉलेजात जाते, मला वाटेत भेटते.

तो डॉक्टर तिथे पावणेदोन वर्षं होता. मग त्याची बदली एका पीएचसीत झाली, जिथे ओटीच नाही. बदलीची पाळी आली म्हणून. तो काय शिकून आला आहे हे ऑर्डर काढणाऱ्या टेबलावर कुणी पाहिलं नाही. भूल द्यायच्या आमच्या बॉईल मशीनवर हिरवं कापड पडलं, आणि काही महिन्यांनी त्या कापडावर स्टोअरमधल्या मच्छरदाण्यांचे गठ्ठे आले.

मोझांबिकसारख्या गरीब देशानं १९८४ पासून डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रिया शिकवून जिल्ह्याजिल्ह्यांतून सिझरची सोय उभी केली. तिथे यादवी चालू होती. आपल्याकडे तर शिकलेले एमबीबीएस डॉक्टर आहेत. राज्यभरात असे किती जण शिकून आले आणि आज त्यातले किती ओटी असलेल्या ठिकाणी आहेत, ही यादी एका आठवड्यात निघू शकते. ती काढा. त्यांना परत ओटीशी जोडा, दोघादोघांच्या जोड्या लावा, सहा महिन्यांतून एकदा मेडिकल कॉलेजात पंधरा दिवस हात बसवायला पाठवा. आणि बाहेरून बोलावलेल्या खासगी भूलतज्ज्ञांचे पैसे त्याच महिन्यात द्या. रात्री दोनला पावसात गाडी काढून आलेल्या माणसाचं बिल आठ आठ महिने अडवलं, तर नवव्या महिन्यात तो फोन उचलणार नाही. आमच्याकडे नेमकं तेच झालं.

रक्ताबद्दल थोडक्यात लिहिते, कारण खरं तर ती गोष्ट सोपी आहे. छोट्या रुग्णालयात रक्तपेढी लागत नाही, मोठ्या रक्तपेढीशी जोडलेलं रक्तसाठवण केंद्र पुरतं. एक फ्रिज, २ ते ६ अंश तापमान, विजेचा बॅकअप आणि क्रॉसमॅच करणारा, म्हणजे रक्त जुळतं का ते तपासणारा, तंत्रज्ञ. आमच्याकडे फ्रिज होता. तंत्रज्ञ नऊ ते पाच. रात्री नवऱ्याच्या हातात नमुन्याची बाटली आणि थर्माकोलचा डबा द्यायचा आणि मोटारसायकलवर पाठवायचा. एकदा असा गेलेला नवरा पहाटे डबा घेऊन परत आला, दोन पिशव्या, वर बर्फ, सगळं नीट बांधून आणलं होतं त्यानं. मी दारातच त्याच्या हातातून डबा घेतला आणि त्याला बाकावर बसवलं. तो पिशव्या किती वाजता लावणार असं विचारत होता. रात्रीचा एक तंत्रज्ञ, साहेब. एवढंच लागत होतं.

आता मी एक मत मांडते, ते बऱ्याच जणांना आवडणार नाही. प्रत्येक तालुक्याला एफआरयूचा बोर्ड हवा, हा आग्रह सोडा. एका भूलतज्ज्ञाच्या जिवावर चोवीस तास चालत नाही, तोही माणूस आहे, त्यालाही झोप आणि सुट्टी लागते. रात्रंदिवस खरंच चालवायचं तर निदान तीन-चार भूल देणारे आणि तितकेच सिझर करणारे एका जागी लागतात. सहा ठिकाणी अर्धी अर्धी माणसं वाटून सहाही केंद्रं रात्री बंद ठेवण्यापेक्षा, डोंगराच्या दोन बाजूंना दोन केंद्रं अशी करा की जी कधीच बंद नसतील. त्यांच्याशेजारी माहेरघरं चांगली चालवा. माहेरघर ही आपल्याच राज्याची फार शहाणी योजना आहे. आधीचं सिझर झालेल्या, बुटक्या, आडवं बाळ असलेल्या, नदीपलीकडच्या बायकांना दिवस भरण्याआधीच तिथे आणून ठेवता येतं, फक्त सोबत आलेल्या लेकराला आणि सासूलाही पोटभर जेवण आणि झोपायला धड जागा मिळाली पाहिजे. पण माझ्या त्या बाईला माहेरघरानं वाचवलं नसतं. तिच्या कार्डावर काहीच नव्हतं. ज्यांना आधी काहीच नसतं त्यांच्यासाठीच रात्रीची ओटी लागते.

हे सगळं उभं राहायला दोन-तीन वर्षं लागतील, मी समजू शकते. म्हणून या पावसाळ्याआधी करण्यासारख्या, इमारत किंवा नवी भरती न लागणाऱ्या दोनच गोष्टी मागते.

दर संध्याकाळी पाच वाजता प्रत्येक जिल्ह्याची एक यादी निघावी. आज रात्री कोणत्या रुग्णालयात सिझर करणारा, भूल देणारा आणि रक्त, तिन्ही हजर आहेत. नावं नकोत, फक्त रुग्णालय आणि ड्युटीवरचा फोन नंबर. ही यादी १०८ च्या कंट्रोल रूमला, प्रत्येक पीएचसीला आणि प्रत्येक आशाताईच्या मोबाईलवर जावी. २०१४ पासून राज्यभर १०८ धावते आहे. गाडी नेमकी कुठे न्यायची, हे तिला कळलं पाहिजे. यादी खोटी निघाली तर ज्यांनी सही केली त्यांनी उत्तर द्यावं. ज्या रात्री जिल्ह्यात एकच जागा चालू असेल, त्या रात्री तसं लिहा. आम्हाला एकाच जागेची माहिती पुरते, चार खोट्या जागांमुळे वेळ जातो.

आणि प्रत्येक लेबर रूमच्या रजिस्टरमध्ये या तीन वेळांची नोंद व्हावी. सिझर लागेल असं पहिल्यांदा ठरलं ती वेळ, मग ते पीएचसीत ठरलेलं का असेना. प्रत्येक रुग्णालयात पोचल्याची आणि निघाल्याची वेळ. बाळ जन्मल्याची वेळ, जिवंत किंवा मृत. हा कागद बाईबरोबर पुढे जावा आणि महिनाअखेर ज्या रुग्णालयांतून ती परत पाठवली गेली त्या प्रत्येकाच्या अहवालात मोजला जावा. म्हणजे "नॉर्मल डिलिव्हरी, एफएसबी" या शब्दांच्या आधी ११.४०, १.३५, २.०० हे आकडेही दिसतील, आणि कुणाला तरी विचारावं लागेल की मधल्या पंचवीस मिनिटांत काय झालं.

माझ्याकडे माझ्या जुन्या डायऱ्या आहेत. त्यात नावं झाकून अशा रेफरच्या वेळा लिहिलेल्या आहेत, मला जमल्या तेवढ्या. आपल्या विभागाला नमुना तयार करताना उपयोग होणार असेल तर मी त्या घेऊन स्वतः यायला तयार आहे. एसटीनं येईन, भत्ता नको.

त्या बाईला पुढच्या वर्षी पुन्हा दिवस गेले. या वेळी ती महिनाभर आधीच जिल्ह्याच्या गावी नातेवाइकांकडे जाऊन राहिली. निघण्याआधी मला विचारायला आली होती, "बाई, तिथं रोज असतो ना तो भूलवाला?" मी फोन करून खात्री केली आणि मगच तिला हो म्हटलं.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातपुडा